गाडीतला हवेचा पंप: तार सोडली तर बरा आहे

काल कस्टमर केअरचा शेवटचा मेल आला की 'सर, तीन मीटर लांबी प्लगपासून नोझलच्या टोकापर्यंत धरलेली आहे', म्हणून आज हे लिहायला बसलोय. बॉक्सवर ठळक छापलंय, ३ मीटर वायर. मी टेप लावून मोजली, वायर २ मीटर ४० सेंटीमीटर आणि पुढे हवेची नळी ६० सेंटीमीटर. बेरीज तीन होते हे मलाही कळतं हो, पण नळीला वायर कोण म्हणतं?

बाकी स्पेक्स सगळ्यांना माहितीच आहेत. लायटरच्या सॉकेटला लावायचा, आकडा सेट करायचा, तेवढी हवा झाली की आपोआप बंद. कंपनीचं नाव घेत नाही.

गेल्या दिवाळीत घेतला. आम्ही दोघं चिपळूणचे, सुट्टी मिळाली की जुनी हॅचबॅक काढायची आणि खाली किनाऱ्याला कुठेतरी उतरायचं एवढाच शौक. तिकडे पेट्रोल पंपावर हवेचं मशीन असतं, पण एकतर 'बंद आहे' लिहिलेलं नाहीतर हवा भरणारा पोरगा जेवायला गेलेला, आणि फुकटच्या हवेसाठी उलटं दहा किलोमीटर पेट्रोल जाळायचं हे काही मला परवडत नाही. सुरुवातीचे काही महिने मी खूश होतो. सकाळी निघायच्या आधी टायर गार असतानाच चेक करायचं, ३३ पीएसआयला (हवेच्या दाबाचं माप) सेट करायचं आणि चहा होईपर्यंत चारी चाकं झाली. (गाडी पळवून आल्यावर मोजू नका, तापलेला टायर तीनेक पीएसआय जास्तच दाखवतो.)

मग गुहागरकडचं हेदवी झालं. बामणघळ बघायची तर भरतीलाच जायला लागतं, ओहोटीला ती नुसती कातळातली भेग. भरतीचं पाणी त्या भेगेत घुसतं, पुढे जायला जागा नाही म्हणून सरळ वर उसळतं, आणि अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला तर विचारूच नका. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, तो सगळा हिशोब करून आम्ही बरोबर वेळेवर पोचलो आणि बघतो तर मागचं डावं चाक बसलेलं. मी बायकोला म्हटलं तू हो पुढे, दोन मिनिटात आलो. पुढच्या दारातून वायर काढली, मागच्या चाकापर्यंत एक वीत कमी. म्हणजे पंप जमिनीवर ठेवताच येईना, एका हातात अधांतरी धरून उकिडवं बसायचं. तो थरथरतो, थरथरला की तिकडे सॉकेटमधून प्लग सुटतो, की पंप बंद. परत उठा, प्लग दाबा, परत आकडा सेट करा, परत बसा. प्लग धरायला दुसरं माणूस हवं, तर ते माणूस तिकडे बामणघळीवर फोटो काढतंय. मी पोचलो तेव्हा पाणी उतरायला लागलं होतं, वीतभर फेस उडत होता. सौ. भिजून चिंब, म्हणते, "अहो काय उडत होतं! तुम्ही होतात कुठे?"

त्याच रात्री एक स्टार दिला होता.

तो नंतर बदलायला लागला, कारण कशेळी. पावस-पूर्णगडवरून गेलो होतो, कनकादित्याचं दर्शन घेतलं आणि सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, तो हत्ती बघायला गेलो. कातळशिल्पांपैकी मला हेच सगळ्यात आवडतं. जांभ्यात कोरलेला १८ मीटरचा हत्ती, आणि त्याच्या पोटात मासे, पक्षी, जनावरं असं सगळं भरलेलं. २०२२ मध्ये कोकणातली ही शिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली त्यात कशेळीपण आहे. उन्हाचं बघून परत आलो तर चाकात चांगला बोटभर खिळा, चिऱ्याच्या ट्रकातून पडला असणार. सड्यावर सावली नाही, माणूस नाही. पण चाक पुढचं होतं! वायर आरामात पोचली. ट्यूबलेस आहे, खिळा उपटला नाही, १४ वरून ३३ वर आणलं आणि हळूहळू आडिवऱ्यापर्यंत आलो. टोइंगवाल्याने रत्नागिरीहून यायचे किती घेतले असते याचा विचार केला आणि पंपाचे पैसे तिथेच वसूल झाले. तीन स्टार.

त्यानंतर देवाचे गोठण्याला गेलो तेव्हा पण गंमत. तिथल्या शिल्पाजवळ होकायंत्र भलतीच दिशा दाखवतं, मोबाईलमधलंसुद्धा. मी म्हटलं पंपाचा आकडा पण चुकतो का बघू या. बायको म्हणाली, "हवेला कुठलं चुंबक, चला मुकाट्याने."

हो, वायरवरचा उपाय पण तिनेच काढला. दारातून न काढता दोन सीटच्या मधून मागे न्यायची आणि मागच्या खिडकीतून चाकावर सोडायची. पोचते, नीट पोचते. मी चौथा स्टार देणारच होतो, पण श्रावणात मारळला गेलो, मार्लेश्वरला. धारेश्वर धबधबा फुल्ल, पाऊस आडवा आणि मागचं चाक कमी. खिडकी उघडी ठेवून हवा भरली तेवढ्यात मागची सीट, डब्याची पिशवी, माझा कोरडा शर्ट, सगळं ओलं. कोकणात वर्षाचे चार महिने तरी खिडकी उघडी टाकायची सोय नाही हे कंपनीला कोण सांगणार? मी सांगितलं, फोटोसकट. उत्तर वर दिलंच आहे.

अजून एक, पाऊचची चेन खाऱ्या हवेने गंजली. खोबरेल लावून चालू आहे.

वॉरंटी दिवाळीपर्यंत आहे, तोवर वायर कापणार नाही. नंतर बाजारपेठेतल्या इलेक्ट्रिशियनकडून मीटरभर जोडून घेणार. तुम्ही जोडलीत तर जाड घ्या, माझा पंप १२० वॉटचा आहे म्हणजे बारा व्होल्टला दहा अँपिअर ओढतो, बारीक वायर तापते. आणि भरताना इंजिन चालू ठेवा, नाहीतर बॅटरी उतरायची.