कोयनेल (क्विनीन) की आर्टेमिसिनिन?

दोन्ही औषधं वनस्पतींतलीच, दोन्ही हिवतापावरची. सिंकोना झाडाच्या सालीतून कोयनेल १८२० मध्ये वेगळं झालं, पण साल त्याआधीच युरोपात थेट रुग्णांना दिली जात होती. चाचणी म्हणायची ती एवढीच.

आर्टेमिसिनिनची गोष्ट जास्त रंजक. चीनमध्ये शास्त्रज्ञ तू योयो यांच्या गटाने जुने ग्रंथ चाळून अनेक वनस्पतींचे अर्क हिवताप झालेल्या उंदरांवर तपासले. छिंगहाओ या वनस्पतीचा अर्क कधी लागू पडे, कधी नाही. चौथ्या शतकातले वैद्य गे होंग यांनी ती पाण्यात भिजवून पिळायला सांगितली होती, उकळायला नव्हे! उष्णतेने गुण जात असावा, म्हणून मग कमी तापमानाला ईथर या द्रावकाने अर्क काढला; १९७१ मध्ये तो उंदरां-माकडांत पूर्ण यशस्वी ठरला. पुढे तू योयोंनी तो आधी स्वतः घेऊन पाहिला.

समोरासमोरचा निकाल २००५ चा: आशियातल्या गंभीर रुग्णांत कोयनेलवर २२ टक्के दगावले, आर्टेमिसिनिनपासून बनवलेल्या आर्टेसुनेटवर १५. शिवाय कोयनेलने कान वाजतात, रक्तातली साखर घसरते. माझं मत अर्थातच आर्टेसुनेटला. मात्र ते शरीरातून झटकन निघून जातं, म्हणून पाठोपाठ दुसरं औषध लागतंच; नाहीतर ताप उलटतो. कंबोडियाकडे तर हिवतापाचे परजीवी त्यालाही पूर्वीइतकी दाद देत नाहीत.