इलेक्ट्रॉनिक तानपुरा: गाण्यासाठी नव्हे, गणिताच्या शिकवणीसाठी

ग्वाल्हेरात, लष्कर भागात माझी दहावी-बारावीच्या गणिताची शिकवणी आहे. सराव पेपर हातात पडला की काही मुलांचे हात गार पडतात आणि येणारी गणितंही अडतात. त्यांच्यासाठी तानपुऱ्याच्या चार तारांसारखा आवाज काढणारा हा डबा घेतला. साडेतीन हजारांच्या आसपास पडला.

ज्या गावात १९१८ साली संगीतशास्त्रकार भातखंड्यांच्या मार्गदर्शनाखाली माधव संगीत महाविद्यालय सुरू झालं, तिथे तानपुरा डब्यातून वाजवायचा म्हणजे धाडसच. शेजारचे आजोबा जुने गवई. आवाज ऐकून आलेच. "अहो मास्तर, एवढा चढा कशाला? मुलं काय ताना घेणार आहेत?" त्यांनीच पट्टी, म्हणजे मूळ सुराची उंची, खाली पांढरी एकवर आणली, पहिली तार पंचमाला (प या सुराला) लावली आणि वेग अगदी कमी केला. आता चारही तारा एकदा वाजून होईपर्यंत श्वास आत, पुढच्या फेरीत बाहेर. असे मिनिटाला सहाएक श्वास होतात. एरवी बारा ते वीस असतात. श्वास सोडताना नाडी जराशी मंदावते, म्हणून संथ श्वासाचा उपयोग होतो. माझ्या मते खरं काम श्वासच करतो, पण "दीर्घ श्वास घ्या" म्हटलं की ही पोरं हसतात. तानपुऱ्यापुढे हसत नाहीत. आता तर स्वतःच म्हणतात, "सर, मशीन चला दो."

पेपर वाटण्याआधी पाच मिनिटं लावतो, मग बंद. एका पालकांनी मोझार्ट लावायला सांगितलं होतं. या पाश्चात्त्य संगीतकाराचं संगीत ऐकून बुद्धी तल्लख होते असा जो बोलबाला झाला तो १९९३ च्या 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकातल्या प्रयोगामुळे. तो ३६ कॉलेज विद्यार्थ्यांवर होता, परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला आणि परीक्षेच्या भीतीशी त्याचा संबंधच नव्हता. सिनेमाची गाणीही नकोत. शब्द कानावर पडले की वाचलेलं डोक्यात राहत नाही. तानपुऱ्यात शब्द नाहीत, चाल नाही, पुढे काय येणार याची उत्सुकताही नाही. इथे तोच त्याचा गुण.

तानपुऱ्याचं ॲप फुकट मिळतं, हे खरं. पण मुलाच्या हातात फोन दिला की तानपुऱ्याच्या जोडीला मित्रांचे मेसेजही येणार. डब्याला नुसती बटणं आहेत.

तक्रारी दोन. स्पीकर लहान, त्यामुळे खर्ज, म्हणजे सगळ्यात खालचा सूर, जेमतेम ऐकू येतो. मोठ्या वर्गात मागच्या बाकांपर्यंत पोचणार नाही. अडॅप्टर लावला की बारीक गुणगुण येते, ती पाच मिनिटांत कानात बसते. सेलवर येत नाही.

ज्याचा अभ्यासच झालेला नाही, त्याला याचा काडीचा उपयोग नाही. त्रिकोणमितीची सूत्रं तानपुऱ्यातून उतरत नाहीत. पाठ असूनही पेपर पाहून ज्याचं डोकं बधिर होतं, त्याच्यासाठी घ्या. दुकानात सेल घालून वाजवून पाहा, नुसतं विजेवर ऐकून पैसे देऊ नका. जुना चालू डबा कुणा गाणाऱ्याच्या घरी पडून असेल तर तो आधी मागून आणा.