लेक म्हणते रेस करायची: नॅस्टार की क्लब?

लेकीला आठव्या वर्षी स्कीइंग बऱ्यापैकी जमायला लागलं आणि लगेच फर्माईश आली, "आई, मला त्या झेंड्यांमधून जायचंय." बॉस्टनच्या आसपासच्या मराठी घरांत हे दर हिवाळ्यात कुणा ना कुणाकडे होतंच. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी बर्फ पहिल्यांदा पाहिला तो इथे विमानातून उतरल्यावर, त्यामुळे विचारायचं कुणाला? आम्ही एक हंगाम नॅस्टार केलं, मग दोन हंगाम डोंगरावरचा स्की-रेसिंग क्लब.

नॅस्टार म्हणजे नॅशनल स्टँडर्ड रेस, १९६८ पासून चालू आहे. डोंगरावर जायंट स्लॅलमचा, म्हणजे झेंड्यांमधून लांब वळणं घेत उतरायच्या रेसचा, सोपासा कोर्स लावलेला असतो. नाव नोंदवायचं, पैसे भरायचे, उतरायचं. खरी गंमत तिच्या गणितात आहे. देशातला अव्वल पेससेटर (तुलनेसाठी वेळ लावून देणारा स्कीपटू) तो कोर्स किती सेकंदांत उतरला असता, हे तिथल्या पेससेटरच्या वेळेवरून काढतात. समजा ती वेळ २० सेकंद आली आणि तुमचं पोर २५ सेकंदांत उतरलं, तर हँडिकॅप २५, म्हणजे त्या वेळेच्या २५ टक्के मागे. पदक वयोगट आणि मुलगा-मुलगी यांनुसार ठरतं: प्लॅटिनम, सुवर्ण, रौप्य, कांस्य. शेजारचं पोर किती जोरात गेलं याच्याशी संबंध नाही. पहिल्याच दिवशी कांस्यपदक गळ्यात घालून लेक रात्री तशीच झोपली होती.

क्लबात पदकं इतकी स्वस्त नाहीत. तिथे गट वयाचे: ८-९ वर्षांची मुलं अंडर-१०, १०-११ ची अंडर-१२, असं पुढे. डिसेंबर ते मार्च, शनिवार-रविवार डोंगरावर. आणि पालकांना सहसा हे आधी कळत नाही की बराचसा वेळ गेटमध्ये, म्हणजे वळणं दाखवणाऱ्या त्या झेंड्या-खांबांमध्ये, जातच नाही. एका पायावर वळा, काठ्या न घेता उतरा, स्कीच्या कडेवर तोल धरा, पुन्हा वर जा. गेट लावली तरी लहानांसाठी गुडघ्याएवढी बुटकी. स्लॅलममध्ये वळणं जवळजवळ आणि झटपट, जायंट स्लॅलममध्ये लांब आणि वेगवान. लहान गटांत मुख्यतः हे दोनच प्रकार. लहानपणी मिकेला शिफ्रिन या अमेरिकन स्की-रेसरच्या घरच्यांनी रेसपेक्षा सरावावर जास्त भर दिला होता, हे आमच्या लेकीला मी शंभरदा सांगितलं. तिच्यावर परिणाम शून्य.

पण रेसचा दिवस आला की क्लब वेगळाच. सकाळी मुलं कोर्स बघायला घसरत घसरत हळू उतरतात, कारण गेटमधून स्की करून बघायला बंदी. मग जॅकेट चढवून रांगेत कुडकुडायचं. नंबर आला की जॅकेट काढायचं, काठ्या रोवायच्या, नडग्यांनी समोरची दांडी ढकलली की घड्याळ सुरू. दोन फेऱ्या, दोन्ही वेळांची बेरीज. एक गेट चुकलं की बाद, मग बाकी कितीही छान उतरा. पहिल्या वर्षी लेक तिसऱ्या गेटलाच बाद झाली. थर्मासमधला मेतकूट-भात गाडीत बसून खाल्ला, एक शब्द न बोलता.

खर्चात दोन्हींची तुलनाच नाही. नॅस्टारला नेहमीचीच स्की चालते आणि दर फेरीचे थोडे पैसे. क्लबाची फी हंगामाची, शिवाय डोंगराचा पास, कान झाकणारं कडक हेल्मेट, नडग्यांचे गार्ड. स्कीच्या दोन जोड्या मात्र या वयात मुळीच घेऊ नका. एक जोडी पुरते, तीही हंगामभराच्या भाड्याने किंवा शरद ऋतूतल्या स्की-स्वॅपमध्ये, म्हणजे वापरलेल्या स्की-सामानाच्या बाजारात, जुनी. आम्ही एका क्लबाला सप्टेंबरात पूर्ण फी भरली, जानेवारीत लेकीचं मनगट मोडलं आणि एक डॉलर परत आला नाही. परताव्याचा नियम आधी वाचा.

पैशांपेक्षा शनिवार-रविवार जड जातात. रविवारची मराठी शाळा बुडते, मंडळाची संक्रांत बुडते. आणि क्लबात आईबाबांनाही सुट्टी नसते: हातात कार्ड-पेन्सिल देऊन गेटपाशी उभं करतात, कोण चुकलं ते लिहायला. रात्री स्वयंपाकघराच्या ओट्यावर स्कीच्या तळाला मेण लावायचं आणि कडा घासायच्या, कारण इकडचा बर्फ काचेसारखा टणक आणि बोथट कडा त्यावर धरत नाही. आमच्या घरी तीन महिने पोळ्यांना मेणाचा वास यायचा.

मूल डोंगरावर पदकासाठी येत असेल, तर नॅस्टार पुरे, अगदी वर्षानुवर्षं. तेच वळण पाचव्यांदा करायला सांगितल्यावर जे मूल कंटाळत नाही, त्याच्यासाठी क्लब. वेग आवडणं ही खूण धरू नका, तो सगळ्यांनाच आवडतो. आणि एका घरात दोन मुलं असतील तर दोघांना एकदम क्लबात घालू नका. निदान एका आईबाबाला घरी झोपू द्या.

चांगल्या क्लबांच्या जागा बर्फ पडायच्या आधीच भरतात. जानेवारीत हे वाचत असाल, तर यंदापुरतं नॅस्टारच.