‘चालू सायबर कॅफे आयडीसह विकणे आहे’

ऑगस्ट २०२४ मध्ये माझ्या पुतण्याने आणि मी मिळून आमच्या तालुक्याच्या गावातील एक चालता सायबर कॅफे साडेचार लाख रुपयांना विकत घेतला, आणि दिवाळी येईपर्यंत त्या दुकानात टेबल-खुर्च्या व जुने संगणक यांखेरीज आमच्या हाती काहीही आलेले नाही हे स्पष्ट झाले. पोलिसांकडे दिलेल्या तक्रार अर्जावर अद्याप निर्णय झालेला नसल्यामुळे विकणाऱ्या गृहस्थांचे नाव येथे देत नाही. मात्र वर शीर्षकात दिली आहे तशा जाहिराती आजही दिसतात, म्हणून व्यवहार कसा रचला गेला होता ते सविस्तर लिहितो.

तासाच्या दराने इंटरनेट वापरू देण्याचा धंदा कधीच बसला आहे, हे आम्हांला ठाऊक होते. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली आणि त्यानंतर नुसते मेल पाहायला कॅफेत येणारा माणूस दिसेनासा झाला. तरीही तालुक्याच्या गावात असे दुकान चालते ते ऑनलाइन अर्जांवर. पोलीस भरती, महाडीबीटीची शिष्यवृत्ती, प्रवेशाच्या फेऱ्या, उत्पन्नाचा दाखला, झेरॉक्स, स्कॅन, पासपोर्ट आकाराचे फोटो, विजेचे बिल आणि अंगठा लावून खात्यातून पैसे काढून देणे, ही सगळी कामे मोबाइल हातात असलेला माणूसही दुसऱ्याकडूनच करून घेतो, कारण अर्ज चुकला तर वर्ष जाते. विकणाऱ्याने आम्हांला हेच समजावून सांगितले आणि त्यातला एकही शब्द खोटा नव्हता.

खोटे होते ते गर्दीबद्दलचे बोलणे. आम्ही दुकान पाहायला गेलो तेव्हा महिलांची रांग रस्त्यापर्यंत आलेली होती. १ जुलै २०२४ पासून ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचे अर्ज सुरू झाले होते. महिना दीड हजार रुपयांच्या त्या योजनेसाठी राज्यभर सेतू आणि सेवा केंद्रांसमोर अशाच रांगा होत्या. ‘एरवी इतकी नसते, पण याच्या निम्मी तर बाराही महिने असते,’ असे त्याने छातीठोकपणे सांगितले. पुढे सप्टेंबरच्या सुरुवातीला सरकारने हे अर्ज फक्त अंगणवाडी सेविकांमार्फत स्वीकारण्याचे ठरवले आणि रांग एकाएकी नाहीशी झाली. निम्मी गर्दी तर सोडाच, दुपारी तासन्तास दुकानात कोणी येईना. अशा दुकानाचा हंगाम दहावी-बारावीच्या निकालापासून प्रवेश संपेपर्यंतचा, आणि मध्येच एखादी भरती निघाली तर तेवढ्यापुरता. त्या काळात दुकान दाखवणारा माणूस वर्षाचा नव्हे, हंगामाचा धंदा दाखवत असतो.

दुसरी चलाखी हिशेबाची होती. ही कामे ज्या पोर्टलवरून होतात तिथून काढलेले वॉलेटचे, म्हणजे पोर्टलवरील पैशांच्या खात्याचे, उतारे त्याने आमच्यापुढे ठेवले, आणि त्यांत महिन्याची उलाढाल काही लाखांत दिसत होती. मी स्वतः आयुष्यभर हिशेबाचे काम केलेले असल्यामुळे उलाढाल आणि कमिशन यांतला फरक मला समजावून सांगण्याची गरज नव्हती, म्हणून कमिशनचा वेगळा उतारा मी मागितला. तो ‘पोर्टलवर दिसत नाही, नंतर काढून देतो’ या उत्तरावरच राहिला. नंतर उतारे ओळीने तपासले तेव्हा सगळा प्रकार उघड झाला. आधारवर आधारित पैसे काढण्याच्या बहुतेक नोंदी प्रत्येकी दहा हजारांच्या, म्हणजे एका व्यवहाराच्या कमाल मर्यादेच्या होत्या, आणि त्यांतील आधार क्रमांकांचे शेवटचे चार आकडे पुन्हा पुन्हा तेच होते. घरातल्या माणसांच्या खात्यांतून अंगठा लावून रक्कम वॉलेटमध्ये घ्यायची, वॉलेटमधून आपल्या बँक खात्यात वळती करायची आणि तिथून परत घरच्यांच्या खात्यांत टाकायची, असे तेच पैसे फिरवून उलाढाल फुगवलेली होती. एका व्यवहारामागे मिळणारे कमिशन मोजक्या रुपयांचे असते. त्याने ते पदरमोड न करता मिळवले, आणि वर आम्हांला गाठले.

पण खरा घाव आयडीचा होता. साडेचार लाखांतला मोठा भाग आम्ही संगणकांसाठी नव्हे, तर सीएससीचा, म्हणजे केंद्र सरकारच्या कॉमन सर्व्हिस सेंटर योजनेतील केंद्रचालकाचा, आयडी आणि त्याच्यासोबतचे बँकेचे काम यांसाठी दिला होता. ‘तीन-चार महिने माझ्या नावावर चालवा, मग तुमच्या नावावर करून देतो,’ असे त्याचे शब्द होते. शंभर रुपयांच्या मुद्रांकावर जो करारनामा झाला त्यात फर्निचर, आठ संगणक, दोन प्रिंटर यांची यादी तपशिलाने होती. आयडीबद्दल मात्र ‘व इतर सर्व सुविधा’ एवढेच लिहिलेले होते. प्रत्यक्षात हा आयडी केंद्रचालकाच्या आधारशी आणि बोटांच्या ठशांशी जोडलेला असतो. तो विकताही येत नाही आणि विकत घेताही येत नाही. आपले सरकार सेवा केंद्राचेही तसेच, कारण ते जिल्हाधिकारी कार्यालयाच्या जाहिरातीनुसार अर्ज मागवून ठराविक व्यक्तीला ठराविक ठिकाणी मंजूर होते. शेवटचा हप्ता पोचल्यावर त्या गृहस्थांनी पासवर्ड बदलला आणि बसस्थानकाच्या पलीकडच्या गाळ्यात त्याच आयडीवर नवे केंद्र थाटले. जुनी गिऱ्हाइकेही ओळखीने तिकडेच गेली.

पोलीस ठाण्यात पहिल्यांदा ‘हा दिवाणी वाद आहे, कोर्टात जा’ हेच ऐकावे लागले. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणूक सिद्ध करायची तर सुरुवातीपासूनच फसवण्याचा हेतू होता हे दाखवावे लागते, आणि आमच्या वकिलांच्या मते ते फिरवलेल्या पैशांचे उतारे व आयडीबाबतचे मोबाइलवरील संदेश यांवरून दाखवता येईल. १९३० हा मदतीचा दूरध्वनी क्रमांक ऑनलाइन आर्थिक फसवणुकीसाठी आहे. समोरासमोर झालेल्या अशा सौद्यात त्याचा उपयोग होत नाही, हे फोन लावल्यावरच कळले.

असा सौदा करणाऱ्याने एक वही अवश्य मागावी. २०११ च्या सायबर कॅफे नियमांनुसार संगणक वापरणाऱ्या प्रत्येकाची ओळखपत्रासह नोंद ठेवणे आणि ती किमान एक वर्ष जपणे मालकाला बंधनकारक आहे; दुकानात वर्षभरात खरोखर किती माणसे संगणकावर बसली हे त्या नोंदवहीइतके दुसरे काहीही सांगत नाही. आम्हांला दुकान विकणाऱ्याने ‘आता कोण ठेवतंय ते’ म्हणून हसण्यावारी नेले होते. कमिशनचा बारा महिन्यांचा उतारा, तोही विकणाऱ्याने छापून आणलेला नव्हे तर आपल्यासमोर पोर्टल उघडून काढलेला, आणि गाळ्याच्या मालकाशी स्वतंत्र बोलणे, एवढे झाल्याशिवाय इसाराची रक्कमही देऊ नये. आमच्या बाबतीत भाडेकरार संपायला दोनच महिने उरले होते आणि नव्या करारासाठी मालकाने वाढीव अनामत मागितली.

फसवणुकीनंतर काही दिवसांतच ‘पंधरा हजारांत नवा आयडी काढून देतो’ असे फोन पुतण्याला येऊ लागले. त्यांच्या नादी न लागता त्याने साधारण दीड हजार रुपये शुल्क भरून टीईसीची, म्हणजे सीएससी केंद्रचालक होण्यासाठी लागणारी, ऑनलाइन परीक्षा दिली आणि त्या प्रमाणपत्रावर स्वतःच्या नावाने नोंदणीचा अर्ज केला. संगणकांपैकी अजून विंडोज ७ वर चालणारे, म्हणजे जानेवारी २०२० पासून सुरक्षेची अद्यतने न मिळणारे, त्याने भंगारात काढले. आता दोन संगणक, एक झेरॉक्स मशीन आणि फोटोचा प्रिंटर एवढ्यावर त्याचे दुकान चालू आहे. प्रवेशाच्या हंगामात भाडे व वीजबिल जाऊन त्याच्या हाती बऱ्यापैकी रक्कम उरते, उरलेल्या महिन्यांत भाडेही जेमतेम सुटते. गाळा स्वतःचा असता तर या धंद्यावर एका माणसाचे घर चालले असते, असा त्याचा हिशेब आहे आणि तो मला पटतो.