शिडाच्या बोटीचं कपलिंग: फ्लँज थेट जोडायची की मध्ये चकती?

पावसाळ्यासाठी बोट वर काढली, पंख्याकडे (प्रोपेलरकडे) जाणारा दांडा, म्हणजे शाफ्ट, मोकळा केला, की कपलिंगचा, म्हणजे तो गिअरबॉक्सला जोडण्याचा, हा प्रश्न पडतोच. गिअरबॉक्सची आणि शाफ्टची फ्लँज (टोकाची सपाट गोल थाळी) पूर्वीसारखी थेट आवळायची, की मध्ये पॉलियुरेथेनची लवचीक चकती घालायची?

चकती घेणाऱ्या बऱ्याच जणांना वाटतं, अलाइनमेंटच्या, म्हणजे इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत आणण्याच्या कटकटीतून सुटलो. सुटका कसली! चकती धक्का आणि कंपन सोसते, वाकडेपणा नाही. इंजिन तिरकं बसलं असेल तर ती दर फेऱ्याला वाकते, तापते, शेवटी तडकते. तोवर कटलेस बेअरिंग (शाफ्टला पंख्याजवळ आधार देणारं) झिजतच असतं, फक्त आवाज दबल्यामुळे उशिरा कळतं. म्हणून माप दोन्हीकडे सारखंच. चकती काढून फ्लँज समोरासमोर आणायच्या आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावायचा. व्यासाच्या दर इंचाला एक थाऊ (इंचाचा हजारावा भाग), म्हणजे ४ इंची फ्लँजला वर-खाली, डावी-उजवीकडे मिळून फटीत जास्तीत जास्त ४ थाऊचा (०.१ मिमी) फरक चालतो. हे बोट पाण्यात असताना, डोलकाठीचे स्टे (तिला धरणाऱ्या तारा) ताणलेले असताना. ठोकळ्यांवर घेतलेलं माप नुसता अंदाज. पाण्यात उतरल्यावर बोट थोडा आकार बदलते, तेव्हा एक-दोन दिवस थांबावं.

थेट जोडणी स्वस्त, जागा कमी खाते आणि काही बिघडलं तर लगेच थरथरून सांगते. इंजिनाखालचं नवं, धडधाकट माउंटिंग आणि स्वच्छ पाणी असेल तर मी तीच ठेवीन.

पण आपल्या किनाऱ्यावर पाणी स्वच्छ कुठे असतं? तुटक्या जाळ्याचा दोर पंख्यात गुंतून शाफ्ट झटक्यात थांबला, की थेट जोडणीत तो झटका गिअरबॉक्सला बसतो. चकती असेल तर ती फाटते, गिअरबॉक्स वाचतो. मुंबई-कोकणात फिरणाऱ्याने माझ्या मते चकतीच घ्यावी, आणि एक जास्तीची बोटीत ठेवावी.

घेण्याआधी मोजून मात्र पाहा. चकती साधारण इंचभर जाड, तेवढा शाफ्ट मागे सरकतो. पंख्यामागे रडरपर्यंत जागा उरते का? बेलोजवालं ड्रिपलेस सील (शाफ्टभोवती पाणी अडवणारं, घडीच्या रबरी नळीच्या दाबावर चालणारं) असेल तर त्याचा दाब पुन्हा लावावा लागतो. शिवाय शाफ्टचा इंजिनशी विजेचा संबंध तुटतो. शाफ्टला स्वतःचं झिंक (गंज स्वतःवर घेणारा जस्ताचा तुकडा) नसेल तर चकतीवरून जोडवायर ओढा.

सीव्ही जॉइंट (तिरकं फिरू शकणारा सांधा) आणि थ्रस्ट बेअरिंगवाली (पंख्याचा रेटा पेलणारं बेअरिंग) अ‍ॅक्वाड्राइव्हसारखी जोडणी खरोखरच वाकडेपणा पचवते. पण थ्रस्टचा जोर घ्यायला बोटीत पक्की आडवी भिंत बांधावी लागते. इंजिनच बदलताय, तरच तिकडे वळा.

काहीही निवडा, शाफ्टवरच्या कपलिंगचे सेट स्क्रू (शाफ्टला पकडणारे) तारेने बांधून घ्या. रिव्हर्सला पंखा शाफ्टला बाहेर ओढतो, आणि स्क्रू सैल झाले तर शाफ्ट कपलिंगमधून निसटतो. ग्लँडच्या (शाफ्ट बोटीबाहेर पडतो तिथल्या सीलच्या) आतल्या बाजूला शाफ्टवर एक क्लॅम्प आवळला, की तो तिथेच अडतो.