स्पेसइंजिन: काही महिने वापरल्यानंतर

स्पेसइंजिन, म्हणजे संगणकावर अख्ख्या विश्वात फिरवणारं सॉफ्टवेअर, घेणारे बरेच जण पहिल्या आठवड्यात शनीच्या कड्यांतून फिरतात, कृष्णविवराजवळ जाऊन स्क्रीनशॉट काढतात, चार-पाच निळे ग्रह बघतात आणि मग तो आयकॉन डेस्कटॉपवर नुसता पडून राहतो. इथे मिशन नाही, गुण नाहीत, लेव्हल नाही. अख्खं विश्व समोर उघडं असतं आणि त्यात काय बघायचं ते आपलं आपण ठरवायचं. शोधायची रीत हाताला लागली तर हे सॉफ्टवेअर महिनोन्‌महिने पुरतं. नाही लागली तर वॉलपेपर बनवण्यापलीकडे त्याचा उपयोग होत नाही. म्हणून इथे ग्राफिक्सच्या कौतुकापेक्षा शोधण्याबद्दलच जास्त लिहिलंय.

थोडक्यात ओळख: व्लादिमिर रोमान्युक या रशियन खगोलशास्त्रज्ञाने आणि प्रोग्रामरने हे लिहिलं. पहिली सार्वजनिक आवृत्ती २०१० साली आली, स्टीमवर (खेळ आणि सॉफ्टवेअर विकणारं ऑनलाइन दुकान) ते जून २०१९ मध्ये आलं. फक्त विंडोजवर चालतं. त्यातलं विश्व म्हणजे सूर्यमाला मध्यभागी असलेला एक घन आहे. त्याची बाजू १० अब्ज पारसेक, म्हणजे सुमारे ३२.६ अब्ज प्रकाशवर्षे. स्टीमच्या आधीची ०.९.८.० आवृत्ती मोफत मिळायची आणि यूट्यूबवरची जुनी मार्गदर्शनं बहुतेक तिचीच आहेत. त्यानंतर ग्रहांचं वर्गीकरण बदललं. त्यामुळे जुन्या व्हिडिओत दिसणारी ‘ओशनिया’, ‘सेलेना’ ही नावं आताच्या यादीत शोधत बसू नका.

खरं किती आणि कल्पित किती, हे आधी कळलं पाहिजे. सूर्याच्या आसपासचे तारे हिप्पार्कोस उपग्रहाच्या सूचीतले आहेत (तिच्यात सुमारे १ लाख १८ हजार तारे आहेत), मोठ्या दीर्घिका एनजीसी आणि आयसी या खगोलवस्तूंच्या सूचींतल्या, शिवाय सापडलेले बाह्यग्रह (म्हणजे इतर ताऱ्यांचे ग्रह). बाकीचं सगळं गणिताने तयार होतं. नाव ‘आरएस’ने सुरू होऊन पुढे आकड्यांची लांबलचक साखळी असेल तर तो तारा कल्पित. ही साखळी म्हणजे त्या ताऱ्याचा पत्ताच. ग्रह कुठे साठवलेला नसतो, पत्त्यावरून दर वेळी नव्याने घडवला जातो, म्हणून एकाच आवृत्तीत तो सगळ्यांच्या संगणकावर सारखाच दिसतो. आवृत्ती बदलली की मात्र त्याच पत्त्यावर दुसराच ग्रह निघू शकतो किंवा काहीच निघत नाही. आवडलेल्या ग्रहाची नोंद करताना पत्त्याशेजारी आवृत्तीचा क्रमांक लिहून ठेवा आणि माहितीच्या पॅनेलसकट एक स्क्रीनशॉट काढा.

खऱ्या बाह्यग्रहांबाबत घोटाळा जास्त होतो. ट्रॅपिस्ट-१ आपल्यापासून सुमारे ४० प्रकाशवर्षांवर आहे, त्याचे सात ग्रह आहेत, आणि ते ताऱ्यासमोरून जाताना दिसले असल्यामुळे त्यांच्या त्रिज्या मोजलेल्या आहेत. स्पेसइंजिनमध्ये दिसणारे त्यांचे समुद्र, ढग, डोंगर मात्र पूर्ण काल्पनिक. प्रॉक्सिमा बी तर ताऱ्याच्या डोलण्यावरून सापडला. त्याचं फक्त किमान वस्तुमान आणि ११.२ दिवसांचा परिभ्रमणकाळ माहीत आहे, त्यामुळे पॅनेलमधली त्रिज्यासुद्धा अंदाजाची. भारताच्या वाट्याला २०१९ मध्ये नामकरणासाठी आलेला तारा, एचडी ८६०८१, हाही बघण्यासारखा आहे. तारा बिभा आणि ग्रह संतमस. शोधखिडकीत एचडीचा क्रमांकच टाका. ग्रह ताऱ्याला इतका चिकटलेला आहे की त्याचं वर्ष दोन दिवसांपेक्षा थोडंच मोठं भरतं.

आता यंत्राबद्दल, कारण तक्रारी बहुतेक इथल्याच असतात. जमिनीचे सगळे तपशील आपण जवळ जाऊ तसे ग्राफिक्स कार्डावर तयार होतात. त्यामुळे प्रोसेसरपेक्षा कार्डाची मेमरी महत्त्वाची. २ जीबीवर चालतं, पण उतरताना दम लागतो. ४ जीबीवर मध्यम सेटिंग ठीक, ६ ते ८ जीबी असेल तर निवांत. प्रोसेसरमधल्या इंटेल ग्राफिक्सवर घ्यायच्या फंदात पडू नका. लॅपटॉपमध्ये स्वतंत्र कार्ड असूनही चित्र अडखळत असेल तर विंडोज बहुधा इंटेललाच कामाला लावत असतं. डिस्प्ले सेटिंगमधल्या ग्राफिक्स विभागात स्पेसइंजिन निवडून ‘हाय परफॉर्मन्स’ करा आणि चार्जर लावूनच चालवा, कारण बॅटरीवर कार्डाचा वेग आपोआप उतरतो.

पहिल्यांदा सुरू करताना शेडर (चित्र रंगवणारे ग्राफिक्स कार्डाचे छोटे प्रोग्राम) तयार होतात, तेव्हा स्क्रीन बराच वेळ अडकल्यासारखा वाटतो. मध्येच बंद करू नका. ड्रायव्हर अपडेट केल्यावर ग्रह काळे किंवा ठिपक्याठिपक्यांचे दिसू लागले, तर सॉफ्टवेअर बंद करून त्याच्या फोल्डरमधलं कॅश फोल्डर रिकामं करा आणि पुन्हा सुरू करा, बहुतेक वेळा तेवढ्यानेच भागतं. जमिनीवर उतरल्यावर चौकोनी तुकडे धूसरच राहत असतील तर मेमरी भरली आहे. एलओडी (तपशिलाची पातळी) एक पायरी उतरवा, नाहीतर रिझोल्यूशन कमी करा. स्टीमवर पृथ्वी, मंगळ, चंद्र वगैरेंचे एचडी पॅक मोफत आहेत, पण ते भलेमोठे आहेत आणि कल्पित ग्रहांना त्यांचा काडीचा उपयोग नाही. मोबाइलच्या डेटावर असाल तर सरळ सोडून द्या.

आता शोधणं. एफ३ने नावावरून शोध होतो आणि शिफ्ट-एफ३ने स्टार ब्राउझर उघडतो. खरं हत्यार हा ब्राउझर. तुम्ही जिथे आहात तिथून ठरावीक त्रिज्येतले तारे तो चाळतो. ग्रहांची अट घातली की प्रत्येक ताऱ्याची ग्रहमाला त्याला आधी तयार करावी लागते, म्हणून त्रिज्या मोठी ठेवली की हा बसलाच. त्रिज्या दुप्पट केली की आकारमान आठपट होतं, हे विसरलं जातं. दीर्घिकेच्या आपल्यासारख्या बाहेरच्या भागात २० ते ३० पारसेक पुरे. गोलाकार तारकागुच्छात, उदाहरणार्थ ओमेगा सेंटॉरीत (एनजीसी ५१३९), ५ पारसेकनेसुद्धा यादी भरून जाते, कारण तिथे तारेच दाटीवाटीने आहेत. तिथल्या ग्रहावरून रात्रीचं आकाश मात्र एकदा बघाच.

जीवसृष्टीचा ग्रह हवा असेल तर ताऱ्यापासून सुरुवात करा. ओ, बी, ए या सगळ्यात तापलेल्या वर्गांचे तारे फार लवकर संपतात. एम वर्गाचे लाल बटू भरपूर आहेत, पण त्यांचा राहण्याजोगा पट्टा इतका जवळ असतो की ग्रहाची एकच बाजू कायम ताऱ्याकडे राहते. जी आणि के वर्गांत, तेही मुख्य क्रमावरचे (भर आयुष्यातले, हायड्रोजन जाळणारे) म्हणजे रोमन पाच लिहिलेले तारे घेतले, की कामाचे ग्रह जास्त हाताला लागतात. के वर्ग उगाच दुर्लक्षित राहतो.

यादीतून निवडताना वर्गाचं नाव नीट वाचा, त्यातच सगळं असतं. पहिला शब्द तापमानाचा: फ्रिजिड, कोल्ड, कूल, टेम्परेट, वॉर्म, हॉट, टॉरिड. टेम्परेट म्हणजे साधारण २५० ते ३३० केल्विन. दुसरा शब्द पाण्याचा किंवा इतर द्रवाचा: एअरलेसपासून अॅरिड, लॅकस्ट्रिन, मरीन, ओशनिक करत सुपरओशनिकपर्यंत. शेवटचा शब्द ग्रह कशाचा बनलाय ते सांगतो: टेरा खडकाळ, फेरिया लोखंडाचा, कार्बोनिया कार्बनचा, अॅक्वेरिया बर्फ-पाण्याचा. किनारे, बेटं, आखातं बघायची असतील तर ‘टेम्परेट मरीन टेरा’. ओशनिक घेतला तर तासभर नुसता समुद्रच. आणि ‘कोल्ड’ ग्रहावर मरीन लिहिलं असेल तर तो समुद्र पाण्याचा असेलच असं नाही, मिथेनसारख्या हायड्रोकार्बनचाही असू शकतो. अशा ग्रहांवरचं धुरकट नारिंगी आकाश निळ्या ग्रहांपेक्षा जास्त वेळ धरून ठेवतं.

पृथ्वीशी साम्य दाखवणारा ईएसआय आकडा बघून हुरळून जाणारे फार. तो त्रिज्या, घनता, मुक्तिवेग आणि पृष्ठभागाचं तापमान यांवरून निघतो. हवेचा दाब आणि प्राणवायू त्यात नाहीतच. म्हणजे ०.९५ ईएसआयच्या ग्रहावर कार्बन डायऑक्साइडचं पृथ्वीच्या कित्येक पट जाड वातावरण असू शकतं. आधी दाब बघा, मग हवेचे घटक, मग हरितगृह परिणामाचे अंश, आणि ईएसआय सगळ्यात शेवटी. जीवसृष्टीच्या ओळीत एकपेशीय की बहुपेशीय, सागरी की भूचर, एवढंच लिहिलेलं असतं. झाडं किंवा प्राणी दिसणार नाहीत. वनस्पती म्हणजे जमिनीवर चढलेला रंग.

ग्रह निवडून जी दाबलं की तिकडे प्रवास सुरू होतो, शिफ्ट-जीने जमिनीवर उतरता येतं, स्पेसने काळ थांबतो आणि माउसच्या चाकाने वेग बदलतो. उतरण्यासाठी दिवस-रात्रीच्या सीमेजवळची जागा निवडा. डोक्यावर ऊन असेल तर सावल्या पडत नाहीत आणि डोंगर सपाट वाटतात. उतरल्यावर काही सेकंद हलू नका, तपशील भरू द्या.

आकाशातल्या गोष्टी किती मोठ्या दिसतात हे इथे छान तपासता येतं. आयओवर उभं राहिलं तर गुरू सुमारे १९.५ अंश व्यापतो, पृथ्वीवरून चंद्र जेमतेम अर्धा अंश. ट्रॅपिस्ट-१ ई या ग्रहावरून त्याचा सूर्य आपल्या सूर्याच्या चौपटीहून जरा जास्त रुंद दिसतो: ताऱ्याची त्रिज्या सूर्याच्या ०.११९ पट, आणि अंतर ०.०२९ खगोलीय एकक (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर). तरी ऊन पृथ्वीपेक्षा कमीच, आणि तेही जुन्या पिवळ्या बल्बच्या रंगाचं. यूट्यूबवरची रक्तासारखी लाल आकाशं बहुतेक वेळा सेटिंगची करामत असते. फोटो काढताना दृश्यकोन फार रुंद केला तर आकाशातला महाकाय ग्रह लिंबाएवढा होतो. ४५ अंशांच्या आसपास ठेवा.

कमतरता लपण्यासारख्या नाहीत. जमीन गणिती गोंगाटावरून (नॉइज, म्हणजे गणिताने काढलेले वेडेवाकडे चढउतार) बनते, पाण्याने झिजून बनत नाही. म्हणून दऱ्या एकमेकींना मिळत नाहीत, नद्यांना खोरी नसतात, त्रिभुज प्रदेश तर नाहीच. सह्याद्रीसारखी झिजून घडलेली, पायऱ्यापायऱ्यांची रांग इथे शोधूनही सापडणार नाही. दहा-बारा ग्रहांनंतर डोळ्याला नमुने ओळखू येतात. त्यापेक्षा मोठी मर्यादा गुरुत्वाकर्षणाची आहे. ग्रह ठरलेल्या केप्लरच्या कक्षेत फिरतात, एकमेकांना ओढत नाहीत. दोन राक्षसी ग्रह शेजारीशेजारी ठेवले तरी अब्जावधी वर्षं सुखाने नांदतील. कक्षा टिकाऊ आहे का, चंद्र निसटेल का, हे बघायचं असेल तर युनिव्हर्स सँडबॉक्स घ्या. यानाने उडण्याची सोय आहे, वॉर्पसकट (प्रकाशापेक्षा जलद प्रवास), पण ती शिकायला किचकट आहे आणि त्या मेहनतीच्या मानाने हाती फार काही लागत नाही.

स्वतःची ग्रहमाला लिहिता येते, आणि ज्यांना विज्ञानकथा लिहायची आहे त्यांनी तरी हे शिकावंच. अॅडऑन्स फोल्डरमध्ये कॅटलॉग्स, त्यात स्टार्स आणि प्लॅनेट्स असे दोन फोल्डर करा आणि प्रत्येकात ‘एससी’ विस्ताराची एक साधी टेक्स्ट फाइल ठेवा. ताऱ्याला विषुवांश आणि क्रांती (आकाशातली जागा सांगणारे दोन आकडे), अंतर (पारसेकमध्ये) आणि वर्ग द्यायचा. ग्रहाला पालक ताऱ्याचं नाव, वर्ग, वस्तुमान (पृथ्वीच्या पटीत), त्रिज्या (किमीमध्ये) आणि कक्षा. जे लिहिणार नाही ते सॉफ्टवेअर स्वतः भरतं, म्हणून सुरुवातीला कमीच लिहा.

चुका ठरलेल्या असतात. नोटपॅड फाइलच्या शेवटी गुपचूप ‘टीएक्सटी’ जोडतो आणि फाइल वाचलीच जात नाही. विंडोजमध्ये विस्तार दाखवायचा पर्याय चालू ठेवा. एक महिरपी कंस राहिला की पुढचं सगळं गायब होतं. अशा वेळी सिस्टम फोल्डरमधली ‘एसई’ नावाची लॉग फाइल उघडून शेवटून वर वाचत जा. पालकाच्या नावात एका अक्षराचा फरक पडला तरी ग्रह अनाथ. आणि चंद्र लिहिताना एककं: कक्षेचं अंतर खगोलीय एककात आणि काळ वर्षांत धरला जातो, चंद्रासाठीसुद्धा. सेलेस्टिया या अशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरवरून आलेले इथे हमखास अडकतात, कारण तिथे चंद्रासाठी किमी आणि दिवस चालतात. आपल्या चंद्रासारखा चंद्र हवा असेल तर ३,८४,४०० किमीऐवजी ०.००२५७ आणि २७.३२ दिवसांऐवजी ०.०७४८ लिहा. किमी तसेच टाकले तर चंद्र पालक ग्रहापासून सहा प्रकाशवर्षं लांब जाऊन पडतो.

मॅक किंवा लिनक्स असेल तर सेलेस्टिया मोफत आहे, पण त्यात असे कल्पित ग्रह आपोआप तयार होत नाहीत. लढाई, व्यापार, सोबती हवे असतील तर एलिट डेंजरस या खेळाकडे जा, इथे जीव रमणार नाही.

घ्यायचं ठरलं तर सेलची वाट बघा आणि स्टीमचा परताव्याचा नियम डोक्यात ठेवा: खरेदीपासून १४ दिवस आणि वापर दोन तासांपेक्षा कमी. शेडर तयार होण्यात यातली काही मिनिटं जातातच, म्हणून सूर्यमालेत रेंगाळू नका. नेहमीच्या रिझोल्यूशनवर ब्राउझरमधून एक टेम्परेट मरीन टेरा काढा, डोंगराळ किनाऱ्यावर उतरा आणि कमी उंचीवरून पाच मिनिटं उडा. तुकडे धूसर राहिले नाहीत आणि चित्र अडकलं नाही, तर तुमचं कार्ड पुरेसं आहे.