डाय कापायची वेळ आली होती, ती टळली: जळगाव एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपचा अनुभव

जळगावात चटईवाले आणि पाइपवाले भरपूर, त्यामुळे एक्स्ट्रूजनचा (वितळलेलं प्लास्टिक सलग ढकलून नळ्या-पट्ट्या काढण्याचा) जाणकार हाकेच्या अंतरावर मिळतो. इंजेक्शन मोल्डिंगच्या डायचं (वितळलेलं प्लास्टिक दाबाने आत भरून पार्ट घडवणाऱ्या साच्याचं) दुखणं निघालं की मात्र आम्ही ती टेम्पोत टाकून नाशिकला नाही तर पुण्याला पाठवतो. माझं दोन मशीनचं युनिट आहे. माझ्यासारखे आणखी कोणी असतील, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. वर्कशॉप एमआयडीसीतच आहे. पत्र्याची शेड, बाहेर पाटी नाही. एक काका आणि त्यांचा भाचा मिळून चालवतात.

माझा पार्ट म्हणजे इलेक्ट्रिक बॉक्सचं पांढरं झाकण. मटेरियल एबीएस प्लास्टिक, शॉट (एका वेळी डायमध्ये जाणारा माल) 62 ग्रॅमचा, सायकल (एका शॉटचा वेळ) 38 सेकंदांची. मे महिन्यात पारा 44 वर असताना माल चकाचक निघत होता. ऑगस्टमध्ये झड लागली आणि झाकणावर चंदेरी रेघा उमटायला लागल्या. त्यात मागच्या स्क्रू-बॉसच्या (स्क्रू बसायच्या नळीच्या) नेमका वर खळगा, आणि एका कोपऱ्यात काळा डाग. पार्टीने तीन हजार पीस परत पाठवले. आधी ज्यांना दाखवलं त्यांनी गेट (प्लास्टिक पार्टमध्ये शिरायचं तोंड) मोठा करा, कोपरा वेल्डिंग करून पुन्हा कापा असं सांगितलं. खर्च 40 हजार. मी डाय उतरवायच्या तयारीत होते.

काकांना फोन केला तर म्हणाले, "ताई, डाय आणू नका. मशीन चालू असताना मला दाखवा."

आले, आणि पहिला अर्धा तास पॅनलला हातच लावला नाही. लागोपाठ वीस शॉट रनरसकट (गेटपर्यंतच्या वाटेत गोठलेल्या काडीसकट) घेतले, मागे मार्करने नंबर टाकून टेबलावर ओळीने मांडले. रेघा फक्त गेटजवळून फुटल्या असत्या तर घर्षणाचा संशय घेतला असता, म्हणाले. आमच्या तर अख्ख्या झाकणभर होत्या. मग बॅरल (मशीनची प्लास्टिक वितळवणारी नळी) मागे घेऊन मटेरियल मोकळं सोडलं. लोंढा फुसफुसत बाहेर आला, बुडबुड्यांनी फुगलेला. "हे पाणी आहे. जळलेलं असतं तर पिवळट दिसलं असतं, वास आला असता."

दाणा सुकवणारा ड्रायर 80 अंशांवरच होता, मी तसं ठामपणे सांगितलं. काकांनी हॉपरचं (दाणा भरायच्या टाकीचं) झाकण उघडलं. दाणा तळाशी होता. मग पाठीमागच्या पुठ्ठ्यावर हिशेब मांडला: तासाला साधारण 6 किलो दाणा जातो. 25 किलोचा हॉपर भरलेला राहिला तर प्रत्येक दाण्याला चार तास गरम हवा मिळते, पाव भरलेला राहिला तर जेमतेम एक तास. एबीएसला 80 अंशांवर दोन ते चार तास हवेतच. शिवाय पावसाळ्यात ड्रायर जी हवा ओढतो तीच दमट, आणि आमच्या ब्लोअरची जाळी धुळीने बुजलेली. ग्राइंडिंगचा (दळून पुन्हा वापरायचा) माल उघड्या ड्रममध्ये. उन्हाळ्यात खानदेशची कोरडी हवा आमची चूक पोटात घालत होती, एवढंच. दुसऱ्या दिवशी हॉपर काठोकाठ ठेवला, जाळी साफ केली, ड्रम झाकला. रेघा गेल्या, डायला पाना न लावता. मला त्या दिवशी खरंच भरून आलं.

खळग्यासाठी आमचा सेटर (मशीनचं सेटिंग करणारा) होल्ड प्रेशर, म्हणजे डाय भरल्यावरही माल दाबून धरायचा जोर, वाढवत गेला होता, त्याने कडेला फ्लॅश (बाहेर आलेली पातळ पापडी) यायला लागली होती. काका त्याला म्हणाले, "हात आवर भो, एका वेळी एकच गोष्ट बदल." प्रेशर खाली आणलं, होल्डची वेळ 2 सेकंदांपासून एकेक सेकंद वाढवली आणि दर वेळी पीस रनरपासून तोडून सोनाराच्या काट्यासारख्या छोट्या काट्यावर तोलला. 5 सेकंदांनंतर वजन वाढायचं थांबलं, म्हणजे तिथे गेट गोठला. 6 वर कायम केलं आणि वाढलेला वेळ कूलिंगमधून काढला. खळगा बराच भरला, तरी तिरप्या उजेडात दिसत राहिला. तेवढा दोष मात्र डायचा: झाकणाची जाडी 2.5 मिमी आणि बॉसची भिंत जवळजवळ तितकीच जाड, ती निम्मी किंवा फार तर साठ टक्के हवी. डायमधली पिन बदलून त्यांनी ती पातळ केली.

काळा डाग अडकलेल्या हवेचा. ती दाबली जाऊन इतकी तापते की प्लास्टिक जळतं. कोपऱ्यातला वेंट (डायमधली हवा निघायची बारीक फट) चिकट थराने भरला होता. तो पितळी ब्रशने साफ केला, 0.04 मिमी खोल करून दिला, आणि क्लॅम्पचं टनेज (डाय बंद धरणारा दाब) उतरवलं. गरजेपेक्षा जास्त दाबाने वेंट चेपतात, हे मला प्रथमच कळलं.

भेटीचे 2,500 घेतले, पिन आणि डायच्या पॉलिशचे 6,800. तक्रार एकच, पण मोठी: पॉलिश दोन दिवसांत देतो म्हणाले, लागले पाच. तोवर फोनही उचलला नाही आणि पार्टीची बोलणी मी खाल्ली. सेटिंगचा कागदही देत नाहीत, आपणच पॅनलचे फोटो काढून ठेवायचे. घाईची ऑर्डर असेल तर हे आधी स्पष्ट बोलून घ्या.

तरी पुढची डाय मी तिथेच नेणार. जाताना शेवटचे वीस शॉट रनरसकट पिशवीत घाला, निवडून चांगले नेऊ नका. काका आधी खराब पीसच मागतात.